गुणाआत्तीच्या तीन करवंट्या

कोगनोळीच्या अलीकडच्या वाडीत गुंडू चौगुल्याच्या सोप्यात शिरायचं तर खाली बघून पाय टाकावा लागे. कुठं करवंटी, कुठं पोरगं, कुठं निळं झालेलं कोंबडीचं पिल्लू. मधोमध गुंडूची थोरली बहीण गुणाबाई पाय पसरून बसलेली, दाताला मिश्री, हातात शिंदीची ठेचलेली काडी. तंबाखूच्या हंगामात बायका दिवस उगवायला रानात जायच्या आणि जाताना बारकी पोरं तिच्यापुढं आणून टाकायच्या. गुंडूच्या पोरांची ती सख्खी आत्ती, बाकीच्यांनी फुकटात घेतलेली.

पोरं म्हटली की रडणार. गुणाबाईनं गूळ देऊन बघितला, शिव्या देऊन बघितल्या, बारक्या मष्णूला तर एकदा कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकूनही बघितलं. शेवटी एक दिवस कावून तिनं मष्णूचं बोट भिजवलेल्या हळदीत बुडवलं आणि सारवलेल्या भुईवर टेकवलं. पिवळा ठिपका उठला. मष्णू गप्प. त्यानं ठिपक्याकडं बघितलं, बोटाकडं बघितलं आणि दुसरा ठिपका स्वतःच्या पोटावर काढला. त्या दिवसापासनं दुकान सुरू झालं.

रंग तीनच. डोंगरातली काव म्हणजे तांबडा, चुलीजवळच्या डब्यातली हळद म्हणजे पिवळा, आणि निपाणीच्या बाजारातली, फेटे-धोतरं धुवायची नीळ म्हणजे निळा. तीन रंग, तीन करवंट्या. हिरवा मागायचा न्हाय, करायचा, हा आत्तीचा कायदा.

"आत्ती, हिरवा दे की गं."

"देवानं मला तीनच दिल्यात. हिरवा तुझा तू कर. बोटं झडली व्हय तुझी?"

मग पिवळ्यात निळा पडायचा, काडी फिरायची आणि हिरवा झाला की म्हैस व्याल्यासारखा दंगा व्हायचा. रोज तोच हिरवा, रोज तोच दंगा. पोरं निळ्या नाकानं घरी जायची. पाटलाची पांढरी शेळी एकदा अंगभर तांबडे ठिपके घेऊन गेली, तर पाटलीणबाई तिला देवी आल्या म्हणून दोन दिवस कडुलिंबाचा पाला घेऊन तिच्याजवळ बसल्या होत्या.

"वन्सं," गुंडूची बायको मालुबाई स्वयंपाकघरातनं ओरडायची, "आमटी पांढरी आन कोंबडी पिवळी! लोकांनी काय म्हणायचं ह्या घराला?"

"कोंबडी देखणी झाल्या म्हणायचं!"

गुणाबाई पंधरा-सोळाची असताना प्लेगात नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली. वीस वर्षं तिनं शेण काढलं, जोंधळे दळले, म्हशी धुतल्या. कुणी वाईट वागवलं नाही. पण ती परसात गेली म्हणून "आत्ती कुठं गेली?" अशी बोंब कुणी मारली नव्हती. आता सकाळी सात पोरं मारायची. ही बोंब तिला लई आवडायची, वरनं मात्र ती म्हणायची, "मेली न्हाय रं अजून, आले."

अशात गुंडूच्या थोरल्या लेकीचं, बाळाबाईचं, संकेश्वरला जमलं. त्या भागात लग्नघराची दर्शनी भिंत कोरी ठेवत नाहीत. हत्ती, घोडा, केळीचे खांब, पोपट, सगळं पाहिजे. गुंडूनं निपाणीच्या रवळू चितारीला सांगून ठेवलं आणि लग्नाच्या दोन दिवस आधी भिंतीला चुन्याचा हात दिला. भिंत अशी पांढरी दिसायला लागली की पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं. गुंडूनं ते पाणी बघितलं.

"आक्का, सांगून ठेवतो. ह्या भितीचा इस्कोट झाला तर तिन्ही करवंट्या उकिरड्यावर. दुकान बंद. पोरं ज्येच्या त्येच्या घरात."

"आन मी दिवसभर काय करू? तुझं तोंड बघू?"

"बघ की. वाईट हाय व्हय?"

गुणाबाई खदाखदा हसली, पण उठली आणि तिन्ही करवंट्या उचलून परसात, म्हशीच्या दावणीआड ठेवून आली. गुंड्या बोलला की करतो, हे तिला लहानपणापासनं ठाऊक होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी निरोप आला. रवळू चितारी निपाणीत एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरनं पडला, उजवा हात मोडला. दिवस मावळायच्या आत संकेश्वरच्या गाड्या येणार आणि भिंत कोरी! गुंडू डोक्याला हात लावून जोत्यावर बसला.

"मी हाय की," गुणाबाई म्हणाली.

मालुबाईनं जीभ चावली. "वन्सं, राग मानू नगा. लग्नाच्या भितीला तुमचा हात... लोक काय म्हणतील?"

"माझा हात कोण लावतंय? हात पोरांचे, तोंड माझं. तोंडाला तर इटाळ न्हाय न्हवं?"

गुंडूनं भिंतीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. "करा. पण बिघडली तर मी काय बोललोय ते ध्येनात ठेव."

करवंट्या दावणीआडनं बाहेर आल्या आणि मग जे सुरू झालं ते सांगायला सोपं नाही. सात पोरं, उलट्या घातलेल्या शेणाच्या पाट्यांवर उभी. गुणाबाई अंगणाच्या मधोमध बैलगाडीच्या जूवर बसलेली, हळदीनं मनगटापर्यंत माखलेली, आणि तिथनं हाका.

"शामू, हत्तीला सोंड फुडं अस्ती रं! मागं काय काढलंस त्ये?"

"शेपूट."

"मग एवढं जाडं? आन चंदे, घोड्याला पाच पाय?"

"एक उचललाय त्येनं," चंदी म्हणाली.

कावेनं हत्ती झाला, घोडा झाला, निळीनं नवरदेवाचा फेटा झाला. आता पिवळा. गुंडूच्या शामूनं काडी हळदीत बुडवली आणि भिंतीवर पोपट ओढला. पिवळ्या काडीतनं तांबडा पोपट उतरला.

शामूनं काडी बघितली. पिवळी. पोपट बघितला. कुंकवासारखा तांबडा.

"आत्ती! भूत!"

दुसऱ्यानं हळद लावली, तांबडी. तिसऱ्यानं हिरवा कालवून केळीचं पान काढलं, ते जांभळं झालं. एवढं झाल्यावर पोरं काय थांबतात? सातही जणांनी एकदम हळदीत हात घातले. तांबडी केळ, तांबडा चंद्र, हत्तीला तांबडी झूल, नवरदेवाला तांबडं तोंड, तांबडे पोपट रांगेनं. सगळी नाचायला लागली.

गुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. हळद आणि चुना! कुंकू दुसरं कशाचं होतं? लहानपणी आईजवळ बसून दर साली तिनं ते घोटलं होतं. पण स्वतःच्या कपाळाचं गेल्यापासनं त्या कामाला तिला कुणी बसवलं नव्हतं; वीस वर्षांत डोक्यातनं निघूनच गेलं. आणि पोरांनी आजवर रंगवलं ते शेणाच्या भुईवर. ओल्या चुन्याशी गाठच पडली नव्हती.

एवढ्यात मष्णूची पाटी कलंडली. गुणाबाई जूवरनं उठली कधी, अंगण ओलांडलं कधी, तिलाच कळलं नाही. एका हातानं तिनं मष्णूला लंगोटीला धरून वरच्या वर झेललं आणि तोल सावरायला दुसरा हात सपकन भिंतीवर टेकला.

हात काढला तर पाच बोटांचा पंजा. चांगला थोराड. बघता बघता तांबडा भडक झाला.

"वन्सं!" मालुबाई दारात उभी. "हात!"

"दिसतोय. ओरडू नगंस. आधी लिंबं आण."

"लग्नाची लिंबं?"

"आण गं! आंबट लागलं की पिवळं फिरून येतंय. आई हातावरचं कुंकू लिंबानंच काढायची."

तीस लिंबं चिरली. पोरांनी तांबड्यावर लिंबाच्या फोडी ओढल्या आणि खरंच, तांबड्यात पिवळ्या रेघा उमटायला लागल्या. हत्तीच्या झुलीला जरीची किनार चढली. केळीला केळी लागली. मष्णू अर्धी फोड भिंतीला लावायचा आणि अर्धी चोखायचा, आणि दर वेळी तोंड असं वेडंवाकडं करायचा की बाकीची पोरं लोळून हसायची. पण पंजा? लिंबानं तो पिवळा झाला असता, गेला नसता.

वेशीवरनं गुंडू पळत आला. "गाड्या आल्या! झालं का—" आणि थांबला. तांबडे पोपट, जांभळी पानं, पाच पायांचा घोडा. मग त्याची नजर पंजावर गेली. पंजावरनं बहिणीच्या हातावर. पोरांत एवढा मोठा हात कुणाचाच नव्हता, आणि संकेश्वरचे लोक काही आंधळे नव्हते.

"मी पोराला धरायला गेलते," गुणाबाई म्हणाली. "जाऊ दे. टाक करवंट्या."

बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणावर आला. गुंडूनं शामूच्या हातातली काडी हिसकली, निळीत बुडवली आणि पंजाच्या अंगठ्यातनं वर एक लांब वाकडी रेघ ओढली. वर डोकं. डोक्यावर तीन काड्या. खाली दोन पाय. लिंबाची फोड घेऊन चारी बोटांच्या टोकाला एकेक पिवळा डोळा उठवला. चार बोटं म्हणजे पिसारा. उभ्या जन्मात गुंडूनं बैलाचं शिंगसुद्धा रंगवलं नव्हतं. ते काम गडी करायचा.

"आण्णा, चोच ऱ्हायली," चंदी म्हणाली.

"व्हय की." चोच काढली.

गाड्या दारात येऊन थांबल्या. पहिले उतरले नवरदेवाचे आजोबा. जाडजूड म्हातारा, मोठा फेटा, हातात काठी. पंचक्रोशीत खोड काढण्यात नावाजलेला. सगळे त्यांना आप्पा म्हणत. भिंतीसमोर येऊन ते उभेच राहिले.

"अय्य! एन री इदु?" आधी कानडीत, मग मराठीत, "ह्ये काय? पोपट तांबडा?"

शामू पुढं झाला. "लगीन हाय न्हवं? लाजलाय त्यो."

आप्पांचं पोट आधी हललं, मग मिशा, मग सगळा म्हातारा. मागच्या गाडीतल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आप्पा काठी टेकत भिंतीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेले, घोड्याचे पाय दोनदा मोजले आणि मोरापाशी थांबले.

"आन ह्यो कुणी काढला?"

मालुबाईनं गुणाबाईकडं बघितलं. गुणाबाईनं कौलांकडं बघितलं.

"मी," गुंडू म्हणाला. त्याच्या नाकाला नीळ होती.

"तुमी? मोर हाय व्हय? मान उंटाची दिसत्या."

"मोरच हाय त्यो!" गुंडू एवढ्या जोरात ओरडला की बैल बिचकले. व्याह्यांशी असं बोलायचं नसतं हे त्याला मागाहून आठवलं, पण तोवर आप्पा मष्णूच्या हातातली लिंबाची फोड घेऊन नवरदेवाच्या चित्राला मिशी काढायला लागले होते.

लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी बायका पुन्हा रानात गेल्या, पोरं सोप्यात आली आणि बोंब उठली, "आत्ती कुठं गेली?"

गुणाबाई परसात गेली. लग्नाच्या धांदलीत तिनं परत दावणीआड ठेवलेल्या करवंट्या तिथं नव्हत्या. तिनं उकिरड्यावर जाऊन बघितलं, तिथंही नव्हत्या. ती तशीच सोप्यात आली, तर तिन्ही करवंट्या तिच्या जाग्यावर मांडलेल्या, धुतलेल्या, आणि त्यांच्यामागं गुंडू मांडी घालून बसलेला.

"आक्का, मोराची मान कशी काढायची गं? नीट दाव."

"मागं सरक," गुणाबाई म्हणाली. "मष्णूच्या मागं. नंबर लागल तवा सांगीन."