किल्ल्यानंतर आलेली मिरची

माझे सासरे तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्तीनंतर सरावलीच्या घरात त्यांची दुपार सरत नसे, म्हणून ते ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात जाऊ लागले. तिथे महिन्यातून एकदा व्याख्यान असे आणि व्याख्यानानंतर बटाटेवडा. बाबा वड्यासाठी जात आणि तसं सांगायला त्यांना संकोचही वाटत नसे. एकदा पालघरचे एक निवृत्त प्राध्यापक खाण्यापिण्याच्या इतिहासावर बोलायला आले. त्या दिवशी बाबा वडा न खाता घरी परतले.

आम्हाला वाटलं, पोट बिघडलं असेल. त्यांनी पाय धुतले, खुर्चीत बसले आणि बटाटा आपला नाही असं सांगितलं. टोमॅटोही नाही. पेरू, पपई, काजू, शेंगदाणा, काहीच नाही. हे सगळं अमेरिकेकडचं, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे उतरलेलं.

"आणि मिरची?" मी विचारलं.

"मिरचीपण त्यांचीच. तारापूरचा किल्ला आपण त्यांच्याकडनं घेतला, मिरची तेवढी ऱ्हायली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हे सगळं सोडलं. यात राग नव्हता की अभिमान नव्हता. आयुष्यभर त्यांनी बॉयलरचा काटा बघून काम केलं होतं. काटा लाल रेघेवर गेला की वाफ सोडायची, त्यावर चर्चा करायची नाही. प्राध्यापकांचं बोलणं त्यांनी त्याच पद्धतीनं घेतलं.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, माहेर किनाऱ्यावरचं, मच्छीमारांचं. त्या दिवशी त्यांनी बोंबील आणले होते. नवऱ्याचं बोलणं ऐकून त्यांनी दोन पातेली चढवली. एकात आमच्यासाठी नेहमीचं लालभडक कालवण आणि दुसऱ्यात बाबांसाठी मिरी, हळद, नारळ आणि कोकम घातलेलं पिवळट काहीतरी. बाबांनी ते चवीनं खाल्लं आणि छान झालंय म्हणाले. आई उठून ओटा पुसायला गेल्या. ओटा पुसलेलाच होता.

मग अडचणी सुरू झाल्या. कांदा कोणाचा, लसूण कुठली, हे बाबांना ठरवता येईना. ते प्राध्यापकांना फोन करू लागले. प्राध्यापकांना आधी आनंद झाला, कारण व्याख्यानानंतर त्यांना कुणी कधी फोन केला नव्हता. कांदाही बाहेरून आला असावा, पण इतक्या पूर्वी की त्याची वेळ सांगता येत नाही, असं त्यांनी कळवलं. बाबांनी दिवसभर विचार केला आणि नियम केला, की किल्ला बांधायच्या आधी जे आलं ते आपलं, नंतर आलं ते बाहेरचं. कांदा सुटला. चहा अडकला. अंगणात त्यांनीच लावलेला पेरू फळांनी लगडला होता. ते त्याला रोज पाणी घालत आणि पेरू शेजाऱ्यांना वाटून टाकत. शेजारी बिहारहून बोईसरला कामाला आलेले होते. त्यांना वाटलं, आपल्याकडून काही काम करून घ्यायचं असेल.

हे असंच चाललं असतं, पण शनिवार आला. बाबा तरुणपणापासून शनिवारचा उपास करत. सकाळी आईंनी साबुदाणा भिजवायला घेतला, तेव्हा त्यांनी थांबवलं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचाच, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. आईंनी रताळं दाखवलं. तेही तिकडचं. बटाटा, शेंगदाणा आणि मिरची तर आधीच गेली होती. वरी आपली होती, पण ती त्यांच्या घशाखाली कधी उतरली नव्हती. भात, डाळ, मासे हे सगळं खास आपलं, पण ते उपासाला चालत नव्हतं.

"म्हंजे देवाला गलबतातलंच चालतं," आई म्हणाल्या.

बाबांनी एक केळं खाल्लं, दूध प्यायले आणि उन्हात पेरूखालचं गवत काढायला बसले. संध्याकाळी उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते तिथेच बसले. आमचे हे ड्यूटीवर होते. शेजाऱ्याने आपली रिक्षा काढली. आम्ही दोघी त्यांना घेऊन बोईसरला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तपासलं आणि दिवसभर काय खाल्लं ते विचारलं. बाबांनी सांगितलं, आणि का तेही सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. घाबरण्यासारखं काही नाही, पोट रिकामं आहे, लगेच काहीतरी गोड खायला द्या, एवढंच म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानात शेंगदाण्याची चिक्की होती. ती घेऊन मी आले. बाबांनी ती हातात धरली आणि तिच्याकडे बघत बसले.

आई बाबांच्या बाकड्यावर जाऊन बसल्या.

"गलबतं कुटं लागली?" त्यांनी विचारलं. "तुमच्या गावाला, सफाळ्याच्या शेतात लागली काय? आमच्या किनाऱ्याला लागली. मिरची आधी आमच्या बायांनी तोंडात घातली. त्या रडल्या असतील, पानी पिल्या असतील. मग त्यांनी ती माशात घालून बघितली, आनि मग ती तुमच्याकडं गेली. तुमी ती पोर्तुगीजांची म्हनता. आमी कोनीच नाय काय?"

बाबांनी चिक्की उलटी करून बघितली.

"लगीन होऊन आली तवा मी पयलं कालवन केलं. तुमच्या घरात कोनी तेवढं तिखट खात नव्हतं. तुमी नाक पुसत पुसत सगळं खाल्लं. आता आठवडाभर माझ्या पातेल्याकडं बघत नाय तुमी."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होते. बाबांनाही ते दिसलं. आपल्या सोडण्यात हिचं काही जात असेल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. त्यांनी चिक्कीचा तुकडा तोडला, अर्धा आईंना दिला आणि अर्धा खाल्ला. आईंनीही खाल्ला. त्यांना त्या दिवशी उपास नव्हता, पण बाबा जेवले नाहीत म्हणून त्याही जेवल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी आईंचे भाऊ माहेरहून ताजी कोळंबी घेऊन आले. एकच पातेलं चढलं. जेवताना बाबांनी मेहुण्यांना आदरानं विचारलं, की मिरची पहिल्यांदा तुमच्याकडच्या बायकांनी चाखली, ही गोष्ट तुमच्यात जुनी माणसं सांगायची का? मामांनी तोंडातला घास संपवला. त्यांनी असं कधीच ऐकलं नव्हतं.

"तिला कोनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

आई शांतपणे भात वाढत होत्या. लहानपणापासून हिची ही सवय आहे, मामा मला म्हणाले. स्वतः तिथं उभी होती असं सांगते.

बाबांनी नाक पुसलं आणि ताट पुढे केलं.