वाऱ्याच्या वाटेवरची रांग

सेफ्टीवाल्या सल्लागाराला कारखान्यात सगळे 'दाजी' म्हणायचे. मेहुण्याला त्यानेच तिथे चिकटवलं होतं. मेहुण्याच्या तोंडचा शब्द मग साऱ्या कारखान्याच्या तोंडी बसला.

दाजी तिथला नोकर नव्हता. सरकारी तपासणी जवळ आली की त्याला बोलावणं यायचं. मग तो आग विझवायच्या नळकांड्यांवरची धूळ झटकायला लावायचा, रसायनांच्या पिंपांवर नवी लेबलं डकवायचा आणि कवायत घ्यायचा. भोंगा वाजला की फाटकाजवळच्या शेडखाली यायचं, रांगेत उभं राहायचं, मोजणी संपेपर्यंत हलायचं नाही. कुणी हललं की दाजी चारचौघांत सोलून काढायचा. मेहुण्याला जरा जास्तच. घरचा म्हणून सूट नाही, म्हणायचा.

खरं तर नियम वेगळा होता. छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी होती. आधी तिकडे बघायचं, मग वारा टाळून दुसऱ्या अंगाने निघायचं. दाजीला हे तोंडपाठ होतं. पहिल्या वर्षी त्याने जमण्यासाठी दोन जागा सुचवल्याही. मॅनेजर म्हणाला, साहेब लोक फाटकातून आत येतात, त्यांना आल्या आल्या शिस्त दिसली पाहिजे. माणसं दोन दिशांना धावली तर गोंधळ वाटतो. दाजीने मान डोलावली. एका कारखान्याशी बिनसलं की बाकीचेही दार लावून घेतात, हे त्याला ठाऊक होतं.

क्लोरीनच्या टाकीची झडप गेली, वायू सुटला तेव्हा भोंगा वाजला. माणसं आली, रांगेत उभी राहिली. वारा फाटकाकडेच वाहत होता. डोळ्यांची आग, घशात जाळ, तरी रांग उभी. जे न जुमानता पळाले ते वाचले.

दाजी इस्पितळात पोचला तेव्हा बायको भावाच्या उशाशी बसली होती. मेहुण्याने मास्क बाजूला केला.

"दाजी, रांग नाही मोडली हं," तो म्हणाला. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने.

मॅनेजरने दाजीला बाहेर गाठलं. पळापळीत माणसं जखमी झाली, एवढंच अहवालात लिहा, म्हणाला. दाजी म्हणाला, पळाले ते धडधाकट आहेत.

"मग उभं राहायची जागा कुणी ठरवली, तेही लिहा. आराखड्यावर सही तुमची आहे."

दाजी परत खाटेपाशी आला. स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "तू पळायला हवं होतंस. जागाच चुकीची होती. मला माहीत होतं. मॅनेजर नको म्हणाला, मी मान डोलावली."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"बाकीच्यांना सोलून काढलंत," ती म्हणाली. "आणि त्याच्यापुढे मान डोलावलीत?"

मेहुण्याने मास्क पुन्हा बाजूला केला. मग हळूच म्हणाला, "रांगेतून दोघं पळायला निघाले होते. मीच दंडाला धरून परत उभं केलं त्यांना. कुठल्या खाटेवर आहेत?"

एक जण पलीकडच्या वॉर्डात होता. दुसऱ्याला सकाळीच घरी नेलं होतं, चादरीत झाकून. दाजी ते येतानाच पाहून आला होता.