हिरडीवरचं बोट

गल्लीत बोलवा होती की दवाखान्यातली दातांची डॉक्टर मावशी देखण्या पोरांवर खार खाते. गोड हसलात की हाकललंच! ही आवई उठवली होती तिच्याच भाचीने, तीही हुबेहूब मावशीच्या आवाजात. शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत कुणाचाही आवाज ही पोरगी काढायची. तेवढ्यावर वर्गात तिचा भाव होता.

खरी गोष्ट वेगळी. दवाखान्यात दात सरळ करायची तार फुकट बसायची, पण सगळ्यांना पुरायची नाही. गरज कुणाला, ते मावशी ठरवायची. दाढा आवळायला लावायची, वरचे दात किती पुढे आलेत ते पट्टीने मोजायची, मग हिरडीवरून हळूच बोट फिरवायची.

सुट्टीत भाची तिथे येऊन बसली. एका पोराचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले.

"फोटोत कसा दिसतो बघा हो!" त्याची आई म्हणाली.

"फोटोचं फोटोग्राफर बघेल. चावतो नीट, घासतो नीट. तारेची गरज थोडी."

भाचीचे डोळे विस्फारले. "याला नाही? मग माझे दात तर सरळ, मला दारातूनच घालवशील!"

"तुला गरज नाही म्हणतेस? लाव पैज. हरलीस तर बाहेर बाकांवर बसलेल्या पोरांसमोर माझी नक्कल करायची. माझ्यादेखत."

"लावली!" म्हणत ती ऐटीत खुर्चीत बसली.

बोट फिरलं. डावीकडे थांबलं. परत मागे आलं.

"हा सुळा दुधाचा आहे अजून. वर हिरडीत पक्क्या दाताचा उंचवटा लागत नाही."

एक्स-रे निघाला. पक्का सुळा टाळूत आडवा पडलेला, शेजारच्या दाताच्या मुळाला टेकून.

"असाच ठेवला तर ते मूळ कुरतडेल. तुझी गरज सगळ्यात वरची."

"मावशे, तारेने माझे आवाज जातील?"

"'स' घसरेल थोडे दिवस. मग येईल जागेवर."

भाची रडकुंडीला आली होती, पण नजर एक्स-रेवरून हलेना. "इतकी वर्षं हा आत गपचूप पडून होता? आणि तुझ्या नुसत्या बोटाला कळलं? कुठे, मला लावून बघू दे!"

तार बसल्यावर आठवड्याने ती बाहेरच्या बाकांसमोर उभी राहिली. दारात मावशी, हाताची घडी घालून.

"सावकाश, सोन्या, सावकाश…"

प्रत्येक 'स' शिट्टी मारत सुटला. घाबरून बसलेली पोरं खो खो हसली.

"मी अशी बोलते?" मावशीने विचारलं.

"नाही गं. पुढच्या आठवड्यात ये ऐकायला."