दोन धावांमधली दोन मिनिटं

आबा गेले तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होते आणि हातातल्या मोबाईलवर स्टॉपवॉच चालू होतं. मुलींची एक धाव संपली होती, पुढच्या धावेआधीची दोन मिनिटं मी मोजत होते. पडद्यावर गणेशचं, माझ्या नवऱ्याचं, नाव आलं. मी फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा चिडूनच उचलला, "अहो, प्रॅक्टिस सुरू आहे माझी." पलीकडून गणेशचा आवाज आला, "आबा वांग्याच्या वाफ्यात पडले... उठून नाई राह्यले." दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की मी पहिल्यांदा फोन उचलला असता तरी फरक पडला नसता. मला ते पटतं. पण या गोष्टीला सहा आठवडे होऊन गेले, अजूनही फोन वाजला की मी ताडकन उठून उभी राहते.

आबा म्हणजे माझे सासरे. केनवडच्या शिवारात आमची दोन एकर बागायत आहे, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात थोडी काकडी. पहाटे माल तोडायचा, रिसोडच्या बाजारात पोचवायचा, परत येऊन पाणी धरायचं, हा त्यांचा दिवस. जेवायलासुद्धा नीट मांडी घालून बसायचे नाहीत, एक गुडघा उभाच. मी लग्न होऊन आले तेव्हा सून खेळाची शिक्षिका आहे याचं त्यांना कौतुक होतं की कोडं, ते मला बरेच दिवस कळलं नाही. शाळेत मुलींचा फुटबॉलचा संघ उभा करायचं मी मनावर घेतलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पायानं खेळतेत? मंग पाय सांभाळजो त्याह्यचे."

मी नेमकं तेच केलं नाही. आमच्या मुली चेंडूपर्यंत वेळेत पोचत नव्हत्या. वेग वाढवायचा म्हणून मी मोबाईलवरून कुठकुठले तक्ते उतरवून कार्यक्रम बनवला. शंभर मीटर, दहा वेळा, मध्ये जेमतेम अर्धं मिनिट. जी मागे पडेल तिला अकरावी धाव. मोठ्या खेळाडूंचा तो तक्ता मी तेरा-चौदा वर्षांच्या पोरींवर जसाच्या तसा लावला. तिसऱ्या आठवड्यात आमची सगळ्यात चपळ पल्लवी धावता धावता मांडी धरून खाली बसली. मागचा स्नायू दुखावला होता. त्या दिवशी मी डबा घरी विसरले होते म्हणून आबा तो घेऊन आले होते. तारेच्या कुंपणापाशी उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं. पल्लवीला तिच्या घरी सोडून आल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, तू पोरी पळवून राह्यली का थकवून राह्यली?"

मला राग आला. मी म्हटलं, "आबा, थकल्याशिवाय वेग येत नाही." ते हसले नाहीत. तरुणपणी ते शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे, हे मी घरच्यांकडून उडत उडत ऐकलं होतं. त्या दिवशी ते स्वतः पहिल्यांदा बोलले. "पटाची जोडी एकदा जोरात सोडली ना, का मंग तिले फिरवा लागते, पाणी दाखवा लागते, दम पुरा खाली बसू द्या लागते. नाई तं दुसऱ्या खेपेले बैल पळते, पण जोर नसते त्यात. हळू पळाची सवय लागते त्याले. मंग तो हळूच पळते." हीच गोष्ट एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितली होती, वहीत लिहूनही घेतली होती... आणि मैदानावर घाईत विसरले होते.

दुसऱ्या दिवशी ते वाफे आखायची सुतळी आणि चार खुंट्या घेऊन मैदानावर हजर. दहा, वीस, तीस मीटरवर खुंट्या ठोकल्या. मग ओट्यावर माझी वही उघडून आम्ही नवा कार्यक्रम लिहायला बसलो, म्हणजे मी बसले, ते येरझारा घालत होते. आठवड्यात दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार. आधी अंग नीट गरम करायचं. सुरुवातीला दहा मीटरच, कारण फुटबॉलमध्ये कामाला येतात ती पहिली पाच-सहा पावलं. कधी बसून उठत, कधी पाठमोरं उभं राहून वळत. मग वीस, मग तीस. प्रत्येक धाव जीव तोडून, आणि मधली विश्रांती पुरी, दोन मिनिटं. परत येताना चालत यायचं, धावत नाही. चेंडू पाचव्या आठवड्यापासून. किती धावा करायच्या यावर आमचं दर वेळी वाजायचं. मी आठ म्हणायचे, ते सहा. शेवटी त्यांनीच तोड काढली. "आकडा कायले पाह्यते? डोळे मीट आन् पावलाचा आवाज आयक. आवाज जड झाला का बंद." मी डोळे मिटले. खरंच, सातव्या धावेला पावलं फटफट पडू लागली होती.

पल्लवीला आम्ही दीड महिना नुसतं चालवलं, मग हळूहळू पळवलं. तिची आई सुरुवातीला तिला पाठवायला तयार नव्हती. आबा तिच्या घरी गेले आणि अंगणात उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, चूक आमची होती. आता मी सोता पाह्यतो." चूक त्यांची नव्हती, माझी होती. तालुक्याच्या स्पर्धेत पल्लवी खेळली. आम्ही एका गोलने हरलो, पण शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुली पाय ओढत होत्या आणि आमच्या अजून सुटत होत्या. आबा परतीच्या गाडीत बसलेच नाहीत, प्रत्येकीच्या जागेपाशी जाऊन तिची कोणती धाव कशी होती ते सांगत होते. पल्लवीची पाचवी त्यांना ढिली वाटली होती.

मग जिल्ह्याची निवड चाचणी आली. चार मुलींची नावं गेली होती. मला घाई झाली आणि मी शनिवारचा तिसरा दिवस वाढवला. आबांनी ठाम नाही म्हटलं. "दोन दिवसच. ठरलं होतं ना आपलं?" मी म्हटलं, "आबा, या पोरी आहेत, बैल नाहीत." शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं की ते लागले. ते शेतात निघून गेले. सोमवारी आले नाहीत. गुरुवारी आले, पण कुंपणाजवळच्या दगडावर बसले. आबा बसलेले... मी पाहिलं, विचारलंही, "काय झालं?" ते छातीवरून हात फिरवत म्हणाले, "काई नाई, पित्त हाय. तू तिकडं पाह्य." आणि मी तिकडं पाहिलं. शनिवारी मी जादाची प्रॅक्टिस घेतली, आणि त्याच वेळी ते एकटे वांगी तोडत होते.

बावीस पोरींचा दम मी सेकंदांनी मोजत होते. कुणाचा श्वास खाली बसला, कुणाचा नाही, हे मला लांबून कळायचं. आणि सगळ्यांना विश्रांती वाटणाऱ्या माणसाला, "आबा, आज बाजार राहू द्या," असं मी एकदाही म्हटलं नाही. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून न घेता काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

तेराव्यानंतर मी शनिवार काढून टाकला. चाचणीत चौघींपैकी दोघी निवडल्या गेल्या, पल्लवी त्यात नव्हती. ती घरी आली, आबांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम, पुढच्या वर्सी माह्यी पाचवी धाव अजून चांगली करू." रडली नाही. मीच आत निघून गेले.

आता बागायत गणेश एकटा पाहतो. परवा दुपारी चहा घेऊन गेले तर तो वाफ्यात वाकलेला, अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला. हाक मारली तर मान वर न करता म्हणाला, "ठेव तिकडं, एवढी ओळ होऊ दे." त्याच्या हातातलं खुरपं मी काढून घेतलं आणि त्याला निंबाखाली आणून बसवलं. चहा संपवून तो उठायला लागला. मी म्हटलं, "दोन मिनिटं नाही झाली अजून." तो पुन्हा खाली बसला. मग गवतावर हात टेकून म्हणाला, "अवं, मंग तू काहून उभी? तू बी बस ना."

मी बसले. पण अर्ध्या मिनिटात उठले, आणि त्यानं हात धरून मला पुन्हा खाली बसवलं.