मामांनी दुर्बीण निवडली

माझे सासरे सोपानराव, मी त्यांना मामा म्हणते, काही विकत घ्यायला निघाले की घरातले बाकीचे आपापल्या कामाला लागतात. हे लवकर आटोपायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विहिरीवरची मोटार घ्यायची होती तेव्हा त्यांनी आमच्या कवठ्यातल्या निम्म्या विहिरी फिरून बघितल्या. गाय घेताना तर मालकाच्या गोठ्यात जाऊन अर्धा दिवस नुसते बसून राहिले. "खाती कशी, बसती कशी, ते बघाया नगं व्हय?"

सासूबाई, म्हणजे धुरपदाआत्या, पाहुण्यांना सांगतात, "ह्यांनी न बघता घेतलेली एकच गोष्ट. म्हंजी मी."

मामा मान खाली घालून हसतात. "ती तेवढी बरी निघाली."

तर अशा माणसाला दुर्बीण घ्यायची हुक्की आली.

संक्रांतीच्या आधी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिरूरला झालं. पट्टी काढून आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळला होता. गाडीतून उतरले आणि अंगणातच थांबले. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेले तर मान वर करून उभे.

"शितल, इतक्या चांदण्या कवापासनं हायत गं?"

"पहिल्यापासनं हायत, मामा."

"मला वाटलं, कमी झाल्या. धुरामुळं, लायटींमुळं."

उगवतीला, उसाच्या शेंड्यांवर, एक ठळक चांदणी होती. बाकीच्या लुकलुकत होत्या, ही मात्र स्थिर. मी मोबाइलमधलं आकाशाचं ॲप तिकडे धरून बघितलं आणि सांगितलं की हा गुरू आहे, साध्या दुर्बिणीतूनसुद्धा त्याचे चार चंद्र दिसतात.

"चार?" मामा म्हणाले. एवढंच. पण मोटारीच्या वेळी त्यांचा चेहरा असाच झाला होता, ते मला आठवलं.

माझे मिस्टर सुदर्शन रांजणगावला कंपनीत आहेत. त्यांनी लगेच मोबाइलवर एक पांढरी, लांब नळीची दुर्बीण शोधून काढली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, साडेसहाशे पट मोठं दिसेल. "आप्पा, परवा घरपोच येती."

मामांनी फोटो नव्या डोळ्याजवळ धरला. "साडेसहाशे पट. मोटारीवर पन लई काय काय लिवलेलं आसतं. पानी किती पडतं ते शेतात कळतं. ह्याच्यातनं कुनी बघितलंय का?"

कुणी बघितलं नव्हतं. मग मी अनुपमाला फोन केला. ती माझी कॉलेजची मैत्रीण, दौंडला फिजिक्स शिकवते आणि राहू गावात राहते. तिला आकाशाचा नाद आहे. ती म्हणाली, "माझ्याकडं तीन प्रकारच्या आहेत. घेऊन ये त्यांना. बघू देत सावकाश."

आत्यांनाही चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिवस मावळल्यावर मी कुठं येत न्हाई."

हे आम्हाला नवं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आत्या संध्याकाळी गुरांना घास कापत होत्या. उसातून बिबट्या आला आणि त्यांच्यापासून चार हातांवर बसलेलं कुत्रं उचलून गेला. त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. पण तेव्हापासून दिवेलागण झाली की त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. मामांनी गोठ्याला जाळी मारून घेतली, अंगणात मोठा दिवा लावला. एकदाही "भ्यायचं काय त्यात" म्हणाले नाहीत.

रविवारी तळेगाव ढमढेरेवरून आम्ही राहूला गेलो. अनुपमाने शेतातल्या खळ्यावर तिन्ही दुर्बिणी मांडून ठेवल्या होत्या. मामांनी आधी सगळ्या हाताने चाचपून बघितल्या, वाकून त्यांचे पाय बघितले. गाय बघतात तसेच.

पहिली भिंगाची, तीन पायांच्या स्टँडवर. गुरू दिसायचा, पण नळीला बोट लागलं की थरथरायचा आणि कितीतरी वेळ थरथरतच राहायचा. "दुर्बीण वाईट नाही," अनुपमा म्हणाली, "पण स्टँड हलकं आहे. घेताना लोक नळी बघतात, पाय बघत नाहीत."

"आन् ते साडेसहाशे पट?"

"ते डोळ्याला लावायच्या छोट्या भिंगावर असतं, काका. भिंग बदललं की पट बदलतात. खरं बघायचं ते तोंड किती मोठं आहे. जेवढं तोंड मोठं तेवढा उजेड आत येतो. उजेडच कमी आला तर नुसतं मोठं करून काय, धुरकट दिसणार."

मामांना हे पटलं. "म्हंजी पाईप किती इंची, ते बघायचं."

दुसरी आठ इंची आरशाची, जमिनीवर बसणारी, तोफेसारखी. मामांनी डोळा लावला आणि मग ते काढेचनात. अनुपमाच्या आईने चहा आणला, तो निवला. गोल, पिवळसर गुरू, त्यावर तपकिरी पट्टे, आणि एका ओळीत चार ठिपके. "शितल," ते हळूच म्हणाले, "हे आत्ता वर हाय? खरंच हाय?"

तिसरी होती पाच इंची, बुटकी, स्टुलावर ठेवलेली. तिच्यातूनही पट्टे दोन दिसले, चंद्र चारही दिसले, फक्त सगळं जरा लहान. मामांनी बघितलं, मान हलवली आणि परत तोफेकडे गेले.

येताना गाडीत मी म्हटलं, "मग मोठीच घेऊ ना, मामा?"

"बघू," मामा म्हणाले.

पुढचे काही दिवस त्यांनी विचित्र उद्योग चालवले. आमच्या स्लॅबवर जायचा जिना बाहेरून आहे, अरुंद, कठडा एकाच बाजूला. मामा पिठाचा डबा घेऊन वर गेले. नंतर पाण्याचा कॅन. सुदर्शन वैतागले. "आप्पा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. वजन उचलू नका, डॉक्टरनी काय सांगितलं? मोठी घ्या आन् अंगणात ठेवा. मी काढत जाईन बाहेर."

"अंगणात नगं. स्लॅबवरच पायजे."

"मग मी चढवीन वर."

"तुझी सेकंड शिफ्ट आसली म्हंजी?"

शेवटी डॉक्टरांनी होकार दिल्यावर आम्ही पुण्यातल्या दुकानात गेलो. मामांना ती आठ इंची तिथेही दिसली. तिच्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, विकायला काढलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "ती पाच इंची दाखवा."

दुकानदाराने टेबलावर ठेवली. मामांनी ती उजव्या बगलेत उचलली आणि डावा हात बाजूला धरून दुकानात दोन चकरा मारल्या. दुकानदार घाबरला.

"काका, दोन्ही हातांनी धरा."

"दुसरा हात रिकामा लागतो," मामा म्हणाले.

त्यांचा रिकामा हात कशासाठी, ते मला घरी आल्यावर कळलं. दोन दिवस ढगच होते. तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं. दिवेलागणीला मामा दुर्बीण बगलेत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि डावा हात आत्यांपुढे केला.

"चल."

"कुठं?"

"स्लॅबवर. जिन्याचं दार वढून घेतो. तिथं काय येत न्हाई."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत होते, मळतच राहिले. मग आत्यांनी पदर खोचला आणि त्यांचा हात धरला. जिन्यावर मध्ये एकदा थांबल्या, उसाकडे बघितलं. मामाही थांबले. मग दोघं वर गेले.

हात धुऊन मी मागोमाग गेले तेव्हा आत्या खुर्चीवर बसून दुर्बिणीत बघत होत्या. "अगं बया," त्या म्हणाल्या, "भाकरीवर बोटं उठल्यावानी दिसतंय की!"

त्या दिवसापासून दोघांचं रोजचं झालं. शनीला मात्र आत्या तयार नव्हत्या. "त्याला कशाला मुद्दाम डोळ्यानं हुडकायचा?" मामांनी आग्रह केला नाही. स्वतः बघायचे आणि दुर्बीण परत गुरूकडे वळवून द्यायचे. फेब्रुवारीत एकदा सहज बोलले, "शनी आता मावळतीला टेकला. दोन-चार दिसांत जाईल, मग दोन-तीन महिन्यांनी, ते बी पहाटं."

आत्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दाखवा मग जाता जाता."

यंदा त्याचं कडं आडवं होतं, मण्यातून सुई आरपार घालावी तसं. आत्यांनी आधी हात जोडले, मग डोळा लावला. पुष्कळ वेळ बघून म्हणाल्या, "बाई, केवढा लांब हाय. आन् एकलाच." शनिवारचं तेल त्यांनी अजून सोडलेलं नाही. पण तेल वाहून आल्यावर त्या त्याच्याबद्दल बोलतात ते भावकीतल्या एखाद्या तिरसट माणसाबद्दल बोलावं तसं, जरा कौतुकाने.

आता गल्लीतल्या बायकाही उजेड असतानाच स्लॅबवर येऊन बसतात. कोणी मेथी निवडायला आणतं. शेजारची स्नेहल तिच्या बाळाला घेऊन येते. कोणी किती वेळ बघायचं, ते आत्या ठरवतात. मामांचा नंबर बहुतेक शेवटी लागतो.

परवा गुरूजवळ तीनच चंद्र होते. "चवथा कुठं गेला?" आत्यांनी विचारलं. मी सांगितलं, गुरूच्या मागे गेला असेल, येईल. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. सकाळी मी ड्युटीला निघाले तर डबा हातात देताना म्हणाल्या, "आला आसंल का गं तो?"

संध्याकाळी अंधार पडल्यावर मी गाडीवरून उतरतेय, तर आत्या स्लॅबच्या कठड्याला धरून उभ्या. मामा खाली, अजून चप्पल घालत होते. दुर्बीण आधीच वर गेली होती.

"शितल," त्या वरून ओरडल्या, "चारी हायत!"