ठेच्याच्या दोन बाटल्या

झाकण फिरवलं आणि बाटलीतून फस्स असा आवाज आला. माझा नवरा सुहास भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. मी तो तुकडा ओढून घेतला.

"अगं, काय झालं?"

"खाऊ नकोस. बोटसुद्धा लावू नकोस."

बाटली वनिताच्या ठेच्याची होती. मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. नावड्याजवळ माझी लहानशी लॅब आहे. लोक लोणची, पापड, मसाले आणून देतात, ते किती दिवस चांगले राहतील हे आम्ही तपासून सांगतो. वनिता माझी क्लायंट. मूळची साताऱ्याकडची, राहते कामोठ्यात. चार बायका हाताशी घेऊन हिरव्या मिरचीचा ठेचा करते आणि बाटल्यांत भरून दुकानांना देते. हा ठेचा सहा महिने टिकतो, असा रिपोर्ट तिला मीच दिला होता. खाली सही माझी.

तोच रिपोर्ट घेऊन ती पुढच्या आठवड्यात टीव्हीवर जाणार होती. छोटे धंदेवाले आपला माल दाखवतात आणि समोर बसलेले गुंतवणूकदार पैसे लावायचे की नाही ते सांगतात, तसल्या कार्यक्रमात. तिला खरं तर जायचंच नव्हतं. "मॅडम, मला हिंदी धड येत न्हाय, त्या कोटवाल्यांम्होरं काय बोलू?" म्हणायची. मीच मागे लागले. फॉर्मही मीच भरला.

बंद बाटलीत गॅस धरतो म्हणजे आत काहीतरी वाढत असतं. सुहासने ती घणसोली गावातल्या दुकानातून आणली होती, कारण वनिताने मला भेट दिलेली बाटली आम्ही कधीच चाटूनपुसून संपवली होती. रात्रभर मला झोप लागली नाही.

सकाळी लॅबमध्ये पहिल्यांदा पीएच बघितला. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका खाली, तितका पदार्थ आंबट. ठेच्यात असतो तसा तेलातला लसूण बंद बाटलीत ठेवायचा तर हा आकडा ४.६ च्या खाली लागतो. वर गेला तर त्यात एक जंतू विष तयार करू शकतो, आणि त्या विषाला ना वास, ना चव. माझ्या रिपोर्टमध्ये आकडा होता ४.१. मीटर दाखवत होता ५.४. मी मीटर पुन्हा सेट केला. पुन्हा ५.४.

वनिताला फोन करून बोलावलं. ती तासाभरात आली, हातात मोठी पिशवी.

"दुकानातला ठेचा आणि मला दिलेलं सँपल, दोन्ही एकच ना?"

"एकच की मॅडम. मिरची तीच, लसूण तोच."

"आणि लिंबू?"

"लिंबू दुकानातल्याला कमी घालतो. जास्त झालं की रंग उतरतो, शेवाळी दिसतो. गिऱ्हाईक बाटली उचलतं आन् परत ठेवतं."

"मग माझ्या सँपलमध्ये?"

"तुमचं वेगळं केलं होतं. निवडून मिरची, भरपूर लिंबू, घरच्या पाट्यावर वाटलं. आपल्या माणसाला द्यायचं ते चांगलंच द्यावं ना?"

तिच्या चेहऱ्यावर लबाडी औषधालाही नव्हती. पाहुण्याला वाढावं तसं तिने लॅबला सँपल वाढलं होतं. आणि मी? पाहुणीसारखीच जेवले. हा माल दुकानातल्या खेपेचाच आहे का, एवढं एक वाक्य मी विचारलं नव्हतं. मला तिचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

"पिशवीत काय आहे?"

"टीव्हीसाठी केलाय." तिने हौसेने बाटली काढली. "ह्यात लिंबूच न्हाय. कॅमेऱ्यात हिरवागार दिसंल. ते लोक चाखनार पन हायेत."

मी तिला समोर बसवलं. मग तिला सगळं समजावलं, काही न लपवता.

"मॅडम, माझी पोरगी रोज डब्यात नेती हो."

त्याच दुपारी तिच्या नवऱ्याने टेम्पो काढला आणि कामोठ्यापासून घणसोलीपर्यंत प्रत्येक दुकानातून बाटल्या परत आणल्या. मी रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र दिलं. टीव्हीचं आता विसर, असंही सांगितलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, मी जाते. रिपोर्ट न्हाय नेत. काय झालं ते सांगते."

"अगं, हसतील तुला!"

"हसू देत. पोरीला काय झालं असतं तर रडले असते."

नेण्यासाठी तिने भरपूर लिंबाचा ताजा ठेचा केला. प्रत्येक बाटलीचा पीएच मी मोजला. ठेचा आंबट आणि पक्का शेवाळी. शूटिंगला पहिलाच प्रश्न आला, रंग असा का? तिने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. लॅबला दिलेलं वेगळं सँपलसुद्धा. कोणी एक रुपया लावला नाही. पक्का रिपोर्ट घेऊन परत या, म्हणाले.

कार्यक्रम लागला तेव्हा तिला मिळाली जेमतेम दोन मिनिटं, आणि त्यात नेमकं हेच दाखवलं. माझं नाव तिने घेतलं नाही, तरी मी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. लिंबाचं लोणचं करणारे एक काका, माझे जुने क्लायंट.

"मॅडम, टीव्ही बघताय का? ते... आमचं सँपल पुन्हा नव्याने द्यायचं होतं. तुमच्यासाठी जरा स्पेशल केलं होतं."

त्या आठवड्यात असे आणखी पाच फोन आले. प्रत्येक रिपोर्टवर सही माझी.

ते सगळे रिपोर्ट मी नव्याने केले, फी न घेता. वनिताचाही केला, आणि शेवाळी ठेचा पास झाला. आता सँपल मी स्वतः दुकानात जाऊन, पैसे देऊन विकत घेते. क्लायंटने प्रेमाने आणलेली बाटली टेबलावरून परत जाते.