दार देऊन खिडकी

केडगावात पुणे रस्त्याला लागून एक सलून आहे, तिथं मी दर रविवारी दाढीला जातो. त्या रविवारी खुर्चीत बसलो, गळ्याभोवती कापड आलं, गालांना फेस लागला आणि मग आरशाकडं नजर गेली. आरशाच्या कोपऱ्यात माझाच लेख चिकटवलेला होता. वर झेंडूचं एक फूल.

"बघितलं का सर?" सलूनवाला म्हणाला. "आज तुमचा सत्कार हाय."

मागच्या बाकावर चौघं बसलेले. चौघंही आमच्या फुटबॉल क्लबचे कट्टर पाठीराखे, आणि सलूनवाला त्यांचा म्होरक्या. सामन्याला ताशा तोच वाजवतो. मी एका दैनिकाला खेळाच्या बातम्या देतो. लीग सुरू व्हायच्या आधी क्लबनं केलेली खेळाडूंची अदलाबदल चुकली, असं मी त्या आठवड्यात लिहिलं होतं. शहरातल्याच दुसऱ्या क्लबला आपला चांगला गोलकीपर दिला आणि बदल्यात तिशी ओलांडलेला एक फॉरवर्ड आणला. 'दार देऊन खिडकी घेतली,' असं एक वाक्य त्यात होतं. खरं सांगायचं तर ते लिहून मी स्वतःवरच खूश झालो होतो.

"दार देऊन खिडकी!" सलूनवाल्यानं वस्तरा हातात धरून मोठ्यानं वाचलं. "तुमच्या जामखेडाकडं घरं अशीच बांधत्यात का वो?"

"खिडकीवर लई जीव हाय सरांचा," बाकावरून एक जण म्हणाला. "परीक्षेला कॉप्या तिथूनच येत हुत्या ना!"

"म्हणून तर बी. ए. झाले!"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, पण वस्तरा गळ्यावर होता. अर्धी दाढी झालेल्या माणसाला उठून जाता येत नाही. मी छताकडं बघत राहिलो.

कॉपीचं मात्र लागलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. जामखेडाहून येऊन इथं खोली करून राहिलो, नागापूरला एमआयडीसीत पाळ्या करत पदवी घेतली, आणि माझ्या नावानं छापून आलेला एकही शब्द आजवर मागं घेतला नव्हता. त्याचा मला माज होता म्हणा, चालेल.

दुसरं सलून दोनशे पावलांवर आहे. पण तिकडं गेलो असतो तर पळाला म्हणाले असते. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच गेलो. तोवर माझं नाव 'खिडकी सर' पडलं होतं. भाजीवाल्यापर्यंत पोचलं होतं ते.

त्यानंतरच्या आठवड्यात आई गुडघे दाखवायला गावाहून आली. हाडांच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. आतून एक जण एक्स-रेचं पाकीट काखेत धरून बाहेर आला.

"कोन रं त्यो? तुझ्याकडंच बघतोय," आई म्हणाली.

"फुटबॉल खेळतो, आई."

"मंग येवढा लंगडतोय कशानं?"

तो आमचा नवा फॉरवर्ड होता. जवळ आला आणि आईसमोरच त्यानं माझा हात धरला.

"सर, माझ्या उजव्या गुडघ्याचं छापू नका. क्लबच्या अध्यक्षांनी मला त्यांच्या कारखान्यात खेळावर कामाला घेतलंय. हंगामभर खेळलो तर कायम करणार हायेत. दोन पोरी हायेत मला."

"अशा गुडघ्यानं खेळणार?"

"पट्टी बांधून खेळंन. तुमी फक्त लिहू नका."

मी शब्द दिला. आईला जिना उतरवताना लक्षात आलं, की त्या अख्ख्या बाकाचं तोंड बंद करील अशी गोष्ट आता माझ्याकडं आहे आणि ती मला कधीच बोलता येणार नाही.

पुढचा सामना नेमका ज्या क्लबला आपण गोलकीपर दिला त्यांच्याशीच होता. मैदानावर पत्रकारांना वेगळी जागा नाही. सावली एकाच बाजूला, आणि तिथं ही सगळी मंडळी. मी गेल्या गेल्या ताशा सुरू झाला. "खिडकी उघडा, हवा येऊ द्या! खिडकी उघडा, हवा येऊ द्या!" मी वही उघडली.

सामनाभर मी चेंडूकडं कमी आणि त्या गुडघ्याकडं जास्त बघत होतो. तीन चांगले चेंडू त्याच्यापर्यंत आले. तिसऱ्याला समोर फक्त गोलकीपर होता, आपलाच जुना. उजव्या पायानं मारायचा चेंडू यानं डाव्यावर घेतला, आणि तेवढ्यात गोलकीपरनं पुढं येऊन तो उचलला. आम्ही एका गोलनं हरलो.

ताशा थांबला होता. सलूनवाला माझ्यापाशी आला आणि त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"चुकलो आमी, सर. तुमचंच खरं हुतं."

मी हात सोडवून वही मिटली.

"आता सोडू नका पर. ह्यो गडी लंगडतोय, दिसलं न्हवं तुमाला? लिवा. तुमी लिवलं की कात्रण घिऊन आमी अध्यक्षांकडं जातो, उद्याच्या उद्या काढायला लावतो ह्याला."

'तुमचंच खरं' हे ऐकायला मी तीन आठवडे सलूनमध्ये गाल पुढं केले होते.

घरी येऊन लिहायला बसलो. 'नवा फॉरवर्ड तंदुरुस्त नाही, हे आज उघड झालं.' वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. ते खोडलं. गोलकीपरचं कौतुक मनापासून लिहिलं, आणि शेवटी घातलं, 'आपल्या फॉरवर्डपर्यंत चेंडू फारसे पोचलेच नाहीत.' हे खोटं होतं. माझ्या नावानं, माहीत असून छापायला पाठवलेलं पहिलं खोटं.

रविवारी आरशावर दोन कात्रणं होती.

"खिडकी लावून घेतली सरांनी," सलूनवाला फेस लावत म्हणाला. "अध्यक्षांचा फोन आला आसंल. काय म्हणले वो, चहाला बोलावलं का?"

बाकावर हशा पिकला. त्या बाकाच्या टोकाला तो फॉरवर्डही बसला होता, कारखान्याच्या निळ्या शर्टात, आपल्या नंबराची वाट बघत. सलूनवाला वस्तरा उगारून त्याच्याकडं वळला.

"आरं, तूच सांग की. तुज्यापर्यंत चेंडू आलं का न्हाई?"

त्यानं पेपरातून डोकं वर काढलं. आरशात आमची नजर मिळाली.

"मला काय इचारता? सर शिकल्यालं हायेत," तो म्हणाला.

बाक पुन्हा हसला, आणि त्यांच्याबरोबर तोही हसला. माझी मान वळायला लागली तशी सलूनवाल्यानं हनुवटी धरून ती सरळ केली.

"हलू नका सर," तो म्हणाला, "लागंल."